पाटावर बसता येईपर्यंत

२८ डिसेंबर

काल घरी आणलं. पालथी पडून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. वर्गात कुणाच्या वहीत असलं अक्षर दिसलं असतं तर लाल शेरा मारला असता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन छान झालं. त्यांचं छान झालं असेल. माझं काय झालं ते मला माहीत. एक उशी पोटाखाली, एक पायाखाली. बसायचं नाव काढायचं नाही.

घरात सगळा उलटा कारभार. पल्लवीला आठवा लागलाय. पुण्याहून माहेरी आली ती बाळंतपणाला. मी तिचं करायचं, तर तीच पोट सांभाळत माझ्यासाठी मऊ खिचडी टाकतेय. ह्यांची मदत म्हणजे घडीघडीला येऊन "दुखतंय का?" विचारणं. दुखतंय हो. विचारल्यानं कमी होत नाही.

जालन्याला विहीणबाईंना ह्यांनी फोनवर सांगून टाकलं, "अपेंडिक्स काढलं." मूळव्याध म्हणायला जीभ रेटेना. मी पण दुरुस्त केलं नाही. खरं कळलं तर कुसुमताई दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. "लेकरू आमच्याकडंच होऊ द्या" हे त्यांचं पहिल्यापासून चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरचं. ते मी सोडणार नाही, मग मला उभ्यानं करावं लागलं तरी चालेल.

२९ डिसेंबर

आज पहिली परीक्षा. (संडास हा शब्द रोज रोज लिहायला नको वाटतं. परीक्षाच म्हणू.)

मायबाई. काचा. दुसरा शब्द नाही.

भिंत धरली, दात दाबले, श्वास कोंडला आणि मग असा आवाज निघाला म्हणे की शेजारच्या जिन्यातून कुणीतरी विचारलं काय झालं. पल्लवी दाराबाहेर उभी. "आई, श्वास सोड. आई, श्वास घे तरी." घ्यायचा का सोडायचा, एक काय ते सांग म्हटलं. बाहेर आले तेव्हा ती रडत होती. आठव्या महिन्यात पोरीला हे बघायला लावलं मी.

परीक्षा नापास.

३१ डिसेंबर

क्रांती चौकात डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलो. रिक्षात मागच्या सीटवर आडवी, ह्यांच्या मांडीवर डोकं. लग्नाला इतकी वर्षं झाली, भर रस्त्यात मांडीवर डोकं पहिल्यांदाच. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघ बाबा.

जखम बरोबर आहे म्हणाल्या. गरम पाण्याच्या टबात बसायचं, इसबगोल, भरपूर पाणी. मग फिजिओच्या पोरीकडं पाठवलं. पल्लवीहून लहान असेल.

"मावशी, तुम्ही श्वास धरून ठेवता."

"मी कुठं?"

"आत्ता पण धरलाय."

खरंच धरला होता.

तिनं शिकवलं ते असं. पडल्या पडल्या पोटावर हात ठेवायचा. नाकानं सावकाश आत घ्यायचा, पोट वर येऊ द्यायचं, खालचं सगळं सैल सोडायचं. मग ओठांतून हळूहळू बाहेर, कपातल्या चहावर फुंकर घालतो तसं. घ्यायला लागतो त्याहून सोडायला जास्त वेळ. परीक्षेला बसलं की पायाखाली छोटं स्टूल, आणि कुंथावंसं वाटलं की फुंकर. जोर अजिबात नाही. दुखणं जात नाही म्हणाली, पण आपण आवळून ते वाढवतो ते तरी थांबतं.

पोट वर येऊ द्यायचं म्हणे! वयात आल्यापासून पोट आत घ्यायलाच शिकलो आम्ही. साडीत आत, फोटोत आत, लग्नात आत. तिच्यासमोर पोट बाहेर सोडायला मला ऑपरेशनपेक्षा जास्त लाज वाटली.

"आणखी सोडा मावशी."

आणखी किती सोडू गं बाई.

२ जानेवारी

ह्यांच्या बागेतल्या ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं, कपालभाती कर, मूळव्याध मुळासकट जाते. ह्यांनी सकाळी सकाळी समोर बसून करून दाखवलं. पोटाला धक्के. फस् फस् फस्.

म्हटलं तुम्हीच करा, तुमचं पोट रिकामं आहे.

तरी दुपारी कुणी नसताना थोडं करून पाहिलं. अक्कल गहाण. दोन-तीन धक्क्यांतच डोळ्यांपुढं अंधारी. संध्याकाळपर्यंत ठणका. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, पोटावर जोर पडेल असलं काहीच नको, शिकवलंय तेवढंच करा. ह्यांना सांगितलं, उद्या बागेत जाऊन त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

५ जानेवारी

आज काठावर पास. फुंकर घालत बसले. मधे भीती वाटून आवळलं, मग आठवलं, सोडलं. काचा होत्याच, पण ओरडले नाही. बाहेर आल्यावर ह्यांनी टाळ्या वाजवल्या. लाज नाही माणसाला.

गंमत. पल्लवीच्या दवाखान्यात बाळंतपणाचा क्लास घेतात, मोबाईलवर. कळ आली की काय करायचं. ती बाजूला पडून ऐकत होती. "नाकानं सावकाश आत... ओठांतून फुंकर... खालचं सैल..." मी म्हटलं, अगं हे तर माझंच! दोघी पलंगावर शेजारी शेजारी, दोघींचे हात आपापल्या पोटावर, दोघींच्या फुंकरा. तिचं पोट डोंगराएवढं. माझं नुसतंच सुटलेलं.

ती हसायला लागली. मला हसवू नको म्हटलं, टाके आहेत. मग तर जास्तच हसली.

८ जानेवारी

शबाना मॅडम येऊन गेल्या, खुलताबादहून बसनं. पिशवीभर पेरू. आमची शाळा त्यांच्या गावाच्या पलीकडं, वाडीवर. त्या तिथल्याच, मी रोज शहरातून घाट चढून जाणारी. त्यांना खरं सांगितलंय, एकट्यांनाच.

"मॅडम, आपल्या स्टाफात कुणाला नाय ते सांगा," त्या म्हणाल्या. "मलाबी हाय. आमच्या अम्मीलाबी व्हती. आपण पाणीच कुठं पितो?"

खरं आहे. शाळेतल्या संडासाला कडी नाही आणि आत पाणी नाही. पुरुष मास्तर बांधावर जातात. आम्ही बायका सकाळी घरून निघताना जातो ते संध्याकाळी घरी येऊन. जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. बाटली नेतो, ती भरलेली परत आणतो. अख्खी नोकरी अशी गेली. आणि मुलांना आरोग्याचा धडा शिकवताना फळ्यावर काय लिहिते मी? भरपूर पाणी प्यावे.

राग आला. लई राग आला. पण तोही पालथ्या पालथ्याच. शबाना मॅडम म्हणाल्या, "गुस्सा नका करू, तिकडं जोर पडतो." दोघी हसलो.

१५ जानेवारी

काल संक्रांत. कुसुमताई जालन्याहून तिळगूळ, हलव्याचे दागिने, वाण, सगळं घेऊन आल्या. सुनेची पहिली संक्रांत पोटुशी असताना, हौस तर करणारच. आवाज जिन्यापासूनच. "सुनंदाताई! कुठं हाय अपेंडिक्सवाली?"

मी उभीच. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं. "बसा की हो." नको, बसून बसून कंटाळले, म्हटलं. खोटं बोलताना असं काहीतरी तोंडून जातं.

मग त्या पाय धुवायला आत गेल्या. टब तिथंच. छोटं स्टूल तिथंच. मलमाची ट्यूब साबणाच्या भांड्यात.

बाहेर आल्या, पदरानं हात पुसत. "अपेंडिक्स कोणत्या बाजूला असतंय हो?"

"उजव्या."

"मग त्याला टबात कामून बसवता?"

ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला. मला वाटलं जमीन फाटावी, आणि मला निदान उभ्यानं तरी गिळावं.

त्या हसल्या नाहीत. उलट माझा हात धरला. "मूळव्याध व्हय? सांगायला काय झालतं? मला तुमच्या जावयाच्या वेळेला झालती. सहा महिने मी एका कुल्ल्यावर बसून भाकरी थापल्या." मग आवाज खाली आणून, "पण मग आता मला सांगा, लेकराला न्हाऊ कोण घालणार? पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायावर लेकरू घ्यायचं, रोजच्या रोज. बाळंतिणीला शेक द्यायचा, वाकायचं, उठायचं. तुम्हाला तर खुर्चीवर बसवंना. पोरीला पाठवा माझ्याकडं. भांडायला नाय आले मी. खरं सांगा, झेपंल का?"

झेपेल, म्हटलं. त्यांनी पदर खोचला आणि कपबशा विसळायला घेतल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ जाने.

ह्यांच्याशी बोलत नाहीये. अपेंडिक्स म्हणे!

कुसुमताईंचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. लेकराला न्हाऊ कोण घालणार. बाई ठेवू म्हणाले हे. मालिशवाल्या बाया मिळतात, मिळतात. पण परक्या बाईच्या पायावर माझं नातवंड पहिल्या दिवशी? नाही.

परीक्षा गेले काही दिवस पास होतेय. जखम भरत असणार. पाटावर बसायचं तेवढंच राहिलंय.

१९ जाने.

लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

दुपारी हे बाजारात, पल्लवी झोपलेली. न्हाणीत पाट मांडला. बाळ म्हणून ज्वारीची छोटी पिशवी घेतली. बादलीत कोमट पाणी, तांब्या. म्हटलं एकदा बसून तर बघू. नळाला धरून खाली खाली गेले. श्वास? कसला श्वास. गच्च धरलेला. इतके दिवस शिकलेलं सगळं नळापाशी विसरले.

बसले. बसले बघा! पाय लांब केले, पिशवी पायावर घेतली, तिच्यावर तांब्याभर पाणी पण घातलं. डोळे भरून आले माझे, ज्वारीच्या पिशवीसाठी.

मग उठता येईना. दोन्ही हातांनी जोर केला आणि आत काहीतरी चरकलं. ऊन ऊन लागलं. पाटावर लाल.

रांगत बाहेर आले. पल्लवी जागी होऊन दारात उभी. तिच्याकडून मला उचलवेना, मी तिला वाकू देईना. दोघी तशाच, ती भिंतीला टेकून, मी फरशीवर पालथी, हे येईपर्यंत. "आई, फुंकर घाल," ती म्हणत राहिली. घातली. दुसरं काय हातात होतं.

२० जाने.

डॉक्टरीणबाई चिडल्या. टाक्याजवळ उसवलंय, परत शिवायची वेळ नाही आली हे नशीब. खाली बसणं बंद. किती दिवस विचारलं. "फेब्रुवारी विसरा."

पल्लवीचं फेब्रुवारीतच आहे.

ज्वारी ह्यांनी गच्चीवर वाळत घातलीय.

२१ जाने.

जालन्याहून फोन. पल्लवीनं सासूला सगळं सांगितलंय, पाटासकट. मी तिच्यावर ओरडले. ती माझ्यावर.

"आई, बाळ माझं आहे. तुम्हाला दोघींना न्हाऊ घालायची पडलीय. मला कुणी विचारलं का, मला कुठं राहायचंय?"

"कुठं राहायचंय?"

"इथंच. पण तू अशी रांगणार असशील तर नको."

दिवसभर दार लावून बसली. पेरू कापून दाराशी ठेवले, संध्याकाळी ताटली रिकामी दिसली. तेवढं तरी.

२६ जाने.

पहिल्यांदाच झेंडावंदन चुकलं. शबाना मॅडमनी मुलांचा फोटो पाठवला.

थकवा. दुखण्याचा नाही, तो आता ओळखीचा झाला. नुसताच. पडून राहायचं, श्वास घ्यायचा, सोडायचा. पोट वर, पोट खाली. काम म्हणून एवढंच. हे पण नीट जमलं की दुपारभर बरं वाटतं, हे कबूल करते. खालचं सैल झालं की डोळे पण सैल होतात. आज रडले बराच वेळ.

हट्ट का करतेय मी? माझ्या वेळी आई नव्हती. आदल्या वर्षीच गेली होती. बाळंतपण सासरी झालं. सासूबाईंनी काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, शेक, शेगडी, सगळं वेळेवर. पण मला रडू आलं की म्हणायच्या, रडू नये, दूध आटतं. मग मी रडायची ती न्हाणीत, तोंडात पदर धरून. श्वास कोंडायची सवय तिथलीच असेल, शाळेतली नसेल. पल्लवीला रडता यावं असं घर पाहिजे. एवढंच आहे माझं. न्हाऊ, पाट, सगळं त्याच्यासाठी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१ फेब्रु.

परीक्षा परत सुरळीत. फुंकर आता न सांगता येते. भाजी फोडणीला टाकताना पण मी फू करत असते म्हणे. उभ्यानं स्वयंपाक जमतो. खुर्चीवर घडी घातलेली शाल ठेवून थोडा वेळ बसता येतं. खाली नाही.

३ फेब्रु.

कुसुमताईंचा फोन, मला. पल्लवीला नाही, मला.

"सुनंदाताई, मी इचार केला. पोर माहेरीच राहू द्या. मीच येते तिकडं, महिनाभर. तुमची हरकत नसंल तर."

विहीण, महिनाभर, माझ्या घरात. माझ्या गॅसपाशी. तो आवाज सकाळपासून. लोक काय म्हणतील ते सोडा, मलाच काय वाटेल? म्हटलं, सांगते. अजून सांगितलं नाही.

हे म्हणाले, सोन्यासारखी बाई आहे. तुम्ही अपेंडिक्स सांभाळा, म्हटलं.

५ फेब्रु.

पल्लवीला विचारलं, सासूबाई इथं आल्या तर तुला मोकळं वाटेल का गं? रडावंसं वाटलं, चिडावंसं वाटलं तर?

ती माझे पाय चेपत होती. नको म्हटलं तरी चेपते. म्हणाली, "रडते की त्यांच्यापाशी. तू न्हाणीत पाटावर बसलीस त्या दिवशी फोन करून तासभर रडले. तुझ्यापुढं कसं रडणार? तुला जोर पडला असता."

पाय ओढून घेतले मी.

म्हणजे पोर माझ्या घरात होती आणि रडायला जालन्याला जात होती.

वाईट वाटलं. खूप वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. आणि त्या बाईनं एका शब्दानं मला बोलून दाखवलं नाही, हे त्याहून लागलं.

९ फेब्रु. दवाखाना

कॉरिडॉरमधे. लोखंडी खुर्ची, खाली शाल. थोडं बसते, थोडं उभी राहते.

सकाळी परीक्षेला बसले होते, फुंकर चालू, आणि बाहेरून पल्लवीची हाक. "आई, कपडे ओले झाले गं. पाणी जातंय." तारखेच्या आधीच. मी अर्ध्यात. उठू का नको. आतूनच ओरडले, "घाबरू नको, पोट सैल सोड, फुंकर घाल, आलेच!" दाराच्या ह्या बाजूला मी फू, त्या बाजूला ती फू. मधे हे चप्पल शोधत फिरतायत. कधी नव्हे ते घाईत असून पण जोर केला नाही मी. घाईत पण वेळ दिला. आणि निघाले.

तिला आत घेतलं. मला नाही. जावई पुण्याहून निघालेत.

कुसुमताईंना फोन मीच केला.

"निघा."

"निघालेच. गाडी काढायला सांगितली."

मग जे इतके दिवस तोंडातून निघत नव्हतं ते म्हटलं. "जास्तीचे कपडे घ्या. महिनाभराचे. न्हाऊ तुम्ही घाला."

पलीकडं काहीच नाही. कुसुमताई आणि गप्प! मला वाटलं फोन कट झाला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी घाईघाईनं म्हटलं, "पण टाळू मी भरणार. रोज."

"उभ्यानं?"

"उभ्यानं."

"टाळूचं तिथं आल्यावर बघू," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाईला अजून भांडायची हौस आहे. बरं वाटलं.

ह्यांना चहा आणायला पाठवलंय. आतून पल्लवीचा आवाज येतो, वाढत जातो, मग लांब लांब होत थांबतो. थांबला की मी इथं श्वास धरून बसते. लक्षात आलं की सोडते. नर्स दोनदा बाहेर येऊन गेली. "अजून वेळ आहे" म्हणाली.